बीएमएलटी, स्वतःची लॅब आणि महिन्याला लाख म्हणे!

दहा दिवसांपूर्वी रात्री साडेदहाला ताईचा फोन. "अरे, एफडी मोडू का? तुझ्याच लाईनीतलं आहे म्हणून विचारते." झालं असं की भाचीच्या बारावीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. नीट-बीट नको, बीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदवी) करा, तीन वर्षांत स्वतःची लॅब टाका, रिपोर्टवर स्वतःची सही, महिन्याला लाख कुठे गेले नाहीत. सगळं मशीनच करतं, अभ्यास फार नाही. घाई असेल तर सहा महिन्यांचा ऑनलाईन कोर्सही चालतो आणि आखातात तर हातोहात घेतात. मी मिरजेत लॅबमध्ये चौदा वर्षं सुया टोचतोय, माझ्या पासबुकात तो लाख अजून उतरायचाय.

आधी सहीचं बोलू, कारण खरी वाट तिथे लागते. १२ डिसेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की लॅबच्या रिपोर्टवर सही करायची ती पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरनंच. नंतर केंद्राच्या नियमात साध्या एमबीबीएसला वगैरे थोडी वाट करून दिली, पण डीएमएलटी (त्यातलाच डिप्लोमा) किंवा बीएमएलटीवाल्याच्या एकट्याच्या सहीला नाही म्हणजे नाही. आपण रक्त काढायचं, टेस्ट लावायची, कंट्रोल (मशीन बरोबर मोजतंय का ते तपासायचे नमुने) चालवायचे, आकडा काढून द्यायचा, आणि सही डॉक्टरची. मग लॅब 'स्वतःची' म्हणजे काय, तर भाडं स्वतःचं, सेल काउंटरचा (रक्तपेशी मोजायच्या मशीनचा) हप्ता स्वतःचा, उघडलेलं रिएजंट (टेस्टचं रसायन) पेशंट नाही आले म्हणून वाया गेलं तर तेही स्वतःचं. वर पॅथॉलॉजिस्टला दरमहा द्यायचे आणि पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरचा कट वेगळाच. हो, कट, सगळ्यांना माहितीय, २०१७ ला राज्यात त्याविरुद्ध कायद्याचा मसुदासुद्धा झाला होता, पुढे काही झालं नाही. काहीजण पॅथॉलॉजिस्टची सही स्कॅन करून छापतात आणि डॉक्टर महिनोन्‌महिने लॅबमध्ये फिरकत नाहीत. पकडलं की पहिला हात त्या लॅबवाल्या पोराच्याच कॉलरला जातो. भाचीला हे 'करिअर' म्हणून सांगताय?

पैशाचा हिशोब तर कुणी करतच नाही. आमच्याकडे खासगी कॉलेजात वर्षाला ८० हजार धरा, तीन वर्षांचे २ लाख ४० हजार. खोली आणि मेस महिन्याला ७ हजार, वर्षातले दहा महिने, म्हणजे आणखी २ लाख १० हजार. झाले साडेचार लाख. तालुक्याच्या लॅबला नवीन पोरीला ९-१० हजार देतात, पुण्यात मोठ्या लॅबमध्ये १५-१६ हजार मिळतील पण त्यातले निम्मे खोली-जेवणातच जातात. महिन्याला ३ हजार मागे पडले तर साडेचार लाख फिटायला साडेबारा वर्षं लागतात. तोवर भाची तेहतीसची.

सरकारी नोकरीचं मात्र खरं आहे, ते नाकारत नाही. आरोग्य विभागाच्या २०२३ च्या भरतीत प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकाऱ्याला ३५,४०० ते १,१२,४०० ची वेतनश्रेणी होती. पण जागा किती आणि फॉर्म किती ते बघा, आणि तोवर एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) कंत्राटावर १७ हजारांच्या आसपास काढायचे, दरवर्षी ऑर्डर रिन्यू होईल का या धाकात. शिकायचंच असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजातला, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी (पॅरामेडिकलची पदवी) बघा की, फी खासगीच्या मानानं कमी आणि पेशंटची गर्दी एवढी की हात बसतो. हे फॉरवर्डमध्ये नाही, कारण त्यात कुणाला कमिशन नाही.

'मशीन सगळं करतं' हे वाचून तर मला हसावं की रडावं कळेना. डेंग्यूच्या दिवसांत मशीन ४० हजार प्लेटलेट दाखवतं, नातेवाईक रडायला लागतात, डॉक्टर ॲडमिट करायच्या तयारीत. स्लाइड बघितली की कळतं, ईडीटीए बल्बमध्ये (रक्त गोठू नये म्हणून रसायन घातलेल्या नळीत) प्लेटलेटचे गठ्ठे झालेत, मशीनला ते मोजताच आले नाहीत. सायट्रेट या दुसऱ्या रसायनाच्या बल्बमध्ये परत रक्त घेतलं की दीड-पावणेदोन लाख निघतात. तेच जांभळ्या टोपीच्या ईडीटीए बल्बमधलं रक्त कुणी घाईत प्लेन, म्हणजे साध्या बल्बमध्ये ओतलं तर पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम जमिनीला, माणूस मात्र समोर चहा पितोय. मशीन बिचारं दिलं ते मोजतं.

सहा महिन्यांच्या ऑनलाईनवर काय बोलायचं, रक्त काय झूमवर काढणार? २०२१ चा केंद्राचा कायदा तंत्रज्ञाच्या डिप्लोमाला किंवा पदवीला किमान २,००० तास मागतो, तेही किमान दोन वर्षांत पसरलेले, विषय संपला. आखाताचं अर्धं खरं, आमच्यातले दोघे तिकडे आहेत आणि बरे कमावतात, पण आधी इथं अनुभव, मग कागदपत्रांची पडताळणी, मग परीक्षा. हातोहात कुणी घेत नाही.

काम मिळत नाही असं मी म्हणत नाही. ज्याचा हात चांगला तो घरी बसलेला मी तरी बघितला नाही, आणि भाचीला खरंच आवड असेल तर मीच शिकवीन. पण एफडी मोडायच्या आधी ताईकडून त्या कॉलेजचा नंबर घेतला आणि फोन लावला. मान्यता कुणाची, प्रॅक्टिकलला हॉस्पिटल कुठलं, एवढंच विचारलं. "उद्या कळवतो सर" म्हणाले. आज नववा दिवस.