ओरिगामीचा सातबारा

गेल्या महिन्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामाने एक मेसेज ढकलला. ओरिगामी मूळची भारतातली, बौद्ध भिक्षूंनी ती जपानला नेली आणि आपण करंटे म्हणून नाव मात्र जपानचं झालं, असा मजकूर. शेवटी तिरंगा आणि जोडलेले हात. खाली मावसभावाने एकच शब्द लिहिला, "पुरावा?" झालं. पुढचे दोन दिवस शून्य कोणी शोधलं, इंग्रजांनी काय काय लुटलं, असं करत गाडी पुरणपोळी आपली की कर्नाटकची इथपर्यंत गेली. मग मामाने मला पुढे केलं. "तू तिकडेच राहतेस. तूच सांग बाई खरं काय ते."

मी टोकियोत निशी-कासाईला राहते. इथे भाजी घेताना चार भारतीय भाषा कानावर पडतात. लेक जपानी बालवाडीत जाते. मे महिन्यात मुलांच्या सणाला ती वर्तमानपत्राचं शिरस्त्राण घालून घरी येते, जुलैत तानाबाताला, म्हणजे ताऱ्यांच्या सणाला, कागदी साखळ्या घेऊन. घडीवरून नख फिरवून ती पक्की करायची, त्याला तिच्या बाई 'युबी आयरन' म्हणतात, बोटाची इस्त्री. हे सगळं हजार वर्षं असंच चालत आलं असणार, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. मामासाठी म्हणून वाचायला बसले, तर सातबाऱ्यावर भलतीच नावं निघाली.

कागदच मुळी जपानचा नाही. तो चीनचा. इ.स. ६१० मध्ये कोरियाहून आलेल्या एका भिक्षूला कागद आणि शाई बनवण्याची विद्या अवगत होती, अशी नोंद जपानच्या जुन्या इतिहासग्रंथात आहे. भिक्षू होता, एवढ्यापुरता मामा बरोबर. पण कागद दुमडून आकृती करण्याचा पहिला स्पष्ट उल्लेख सापडतो तो १६८० च्या एका कवितेत, इहारा साइकाकू या कवीच्या. त्यातली कागदाची फुलपाखरं लग्नातल्या साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, भांड्यांना लावायची. घड्या होत्या, पण त्या रीतीभातीच्या. इसे आणि ओगासावारा ही घराणी सामुराईंना शिष्टाचार शिकवत, आणि कुठली भेट कशा घडीत गुंडाळून द्यायची हा त्या शिष्टाचाराचा भाग होता. १७६४ मध्ये इसे सादाताके याने या गुंडाळण्याच्या घड्यांवर पुस्तकच काढलं.

त्यानंतरचं प्रसिद्ध पुस्तक १७९७ चं, क्योतोत छापलेलं. एकमेकांना चिकटलेल्या कागदी क्रौंचांच्या ४९ रचना त्यात आहेत. त्या कुवाना गावच्या एका बौद्ध मंदिरातल्या पुरोहिताच्या. एकाच कागदाला ठिकठिकाणी चिरा द्यायच्या आणि चोचीला चोच, पंखाला पंख जोडलेले ठेवून सगळे पक्षी दुमडायचे. म्हणजे कात्री चालत होती. एक चौकोन, ना कात्री ना डिंक, हे सोवळं बरंच अलीकडचं, विसाव्या शतकातलं.

आणि मग जर्मनी. जपानमधली पहिली सरकारी बालवाडी १८७६ मध्ये टोकियोत निघाली ती किंडरगार्टनचा जनक, जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल याच्या पद्धतीची. फ्रोबेलच्या संचात कागदाच्या घड्या होत्याच, कारण युरोपात कागद आणि रुमाल दुमडण्याची स्वतंत्र रीत होती. जपानी पोरांच्या हातात जपानी आणि जर्मन घड्या एकत्रच पडल्या आणि मिसळून गेल्या. आज माझी लेक जे दुमडते त्यातलं अर्धंमुर्धं बर्लिनचं असेल. तिच्या बाईंना मी हे भीतभीतच सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो का!" आणि पुढचा कागद काढला.

शब्दाची गंमत तर आणखी न्यारी. पूर्वी या खेळाला 'ओरिकाता' वगैरे म्हणत. 'ओरिगामी' म्हणजे दुमडलेला दस्तऐवज, आणि त्यातही खास म्हणजे तलवार अस्सल असल्याचं पारख्याने दिलेलं प्रमाणपत्र. अजूनही एखाद्या खात्रीच्या माणसाला इथे 'ओरिगामी-त्सुकी' म्हणतात, म्हणजे प्रमाणपत्रासकट आलेला. मामाला जे हवं होतं त्याचंच नाव ओरिगामी!

भारताचा खरा दुवा मला सापडला, तो कुणालाच आवडला नाही. टी. सुंदर राव नावाच्या गृहस्थांनी १८९३ मध्ये मद्रासला कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक छापलं. पट्टी-कंपास न घेता चौरस, पंचकोन, थेट वक्ररेषांपर्यंत. फेलिक्स क्लाइनसारख्या जर्मन गणितज्ञाने त्याची दखल घेतली, पुढे ते शिकागोहून पुन्हा निघालं. ही कल्पना किंडरगार्टनच्या घड्यांच्या संचावरून सुचली, असं राव सुरुवातीलाच सांगून टाकतात. म्हणजे पुन्हा फ्रोबेल. मी हे ग्रुपवर टाकलं. एकानेही अंगठा दाखवला नाही. जर्मनाकडून घेतलं म्हटल्यावर अभिमान कसला करायचा?

इथे सगळे शहाणे आहेत असं मला म्हणायचं नाही. ओरिगामी आमची हेइआन काळापासूनची, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीची, असं छातीठोक सांगणारे जपानीही भेटतात. सामुराईंच्या घड्या दर्जाप्रमाणे बदलत, त्यात माणूस कुठल्या पायरीवरचा हे दाखवणं आलंच. शंभरेक वर्षांपूर्वी इथल्या शिक्षणतज्ज्ञांनीच ओरिगामीला नावं ठेवली होती, की ही नुसती नक्कल, मुलांची कल्पकता यात मरते. आणि मला ते अधूनमधून पटतंही. वर्गात वीस मुलं एकाच वेळी कोपऱ्याला कोपरा जुळवत असतात, आणि शेपूट वाकडं झालं म्हणून माझी लेक रडत घरी येते. आम्ही कराडला पावसात नांगरहोडी करायला चुलतभावाकडून शिकलो. ती बुडाली तर दुसरी. कुणी तपासत नव्हतं.

पण लिहून ठेवणं ही एक गोष्ट इथे झाली. आकिरा योशिझावा हा १९११ साली जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा, कारखान्यातलं काम सोडून दारोदार खारवलेलं तोंडीलावणं विकत फिरायचा. चाळिशीत एका मासिकासाठी त्याने बारा राशीप्राण्यांच्या आकृत्या केल्या आणि नाव झालं. कागद किंचित ओला करून त्याला गोलाई देणं ही त्याचीच युक्ती. पण माझ्या लेखी त्याचं मोठं काम म्हणजे तुटक रेषा, ठिपके आणि बाण यांची लिपी. अक्षरही जपानी न येणाऱ्याला त्यावरून बेडूक करता येतो. कोर्यो मिउरा या जपानी अवकाश-अभियंत्याची घडी तर १९९५ मध्ये सौरपत्र्यांसोबत अवकाशात गेली.

आपल्याकडे दुमडणारे नव्हते असं नाही. खिशातून कागद काढून समोरच्या पोरासाठी काहीतरी करून देणारे अनिल अवचट पुष्कळांनी पाहिलेत. पण मला आठवत राहिली ती मामाची पुडी. त्याचं कराडला किराणा दुकान होतं. वरून लोंबणारा दोरा, समोर कापलेल्या रद्दीची चवड. जिऱ्याची वेगळी, शेंगदाण्याची शंकूची, हळदीची चपटी आणि चारी बाजूंनी बंद. डिंक नाही, टाचणी नाही, पुडी उलटी केली तरी कण सांडायचा नाही. इथल्या जुन्या घड्यांमध्ये तीळमिठाची वेगळी आणि सोयाबीनच्या पिठाची वेगळी पुडी आहे, नावानिशी, आकृतीनिशी, आणि लोक पैसे भरून वर्गात शिकतात. आपल्या पुडीची आकृती मला कुठे मिळाली नाही. कॅरीबॅग आली आणि ती गेली. २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीनंतर कागद परत आला तो डिंकाने चिकटवलेल्या पिशव्यांचा. याबद्दल ग्रुपवर कधी भांडण झालेलं मला आठवत नाही.

मी मामाला व्हिडिओ कॉल केला आणि म्हटलं, जिऱ्याची पुडी करून दाखव. घरात रद्दी नव्हती, पेपर आता मोबाइलवर. शेवटी मामीने कॅलेंडरचं मागचं पान फाडून दिलं. तीन सेकंद लागले असतील. मी म्हटलं, हळू, मला काढून घ्यायचंय. त्याने पुन्हा केली आणि अडखळला, सावकाश करायला गेला की त्याला जमेना.

"यात काय काढायचंय?" तो वैतागला. "हे कुणालाही येतं. ते भिक्षूंचं काय झालं, ते सांग."

चौथ्या वेळी मला सहा रेषा मिळाल्या. सातवी घडी आत कुठे जाते ते अजून कळलेलं नाही. माझ्या पुडीतून जिरं सांडतं.