कानाचं मशीन
परवा सकाळी ठाण्यापासून दादरपर्यंत मी बहिरा होतो. म्हणजे तसं ठरवण्यात आलं. ठरवणारे काका तिसऱ्या सीटवर होते आणि मी चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला, अर्धा अधांतरी.

माझ्याकडे काडेपेटीहून लहान असा एक एमपीथ्री प्लेअर आहे. चिमट्याने शर्टाच्या खिशाला लावायचा, वायर कानात. उजव्या कानाची वायर मुळाशी तुटत आलीय. ती बोटाने दाबून एका ठरावीक कोनात धरली तरच वाजते. त्यामुळे मी एक हात कानाला, मान किंचित कलती, नजर शून्यात, असा बसतो. गुरूचं नाव घेताना गवई कानाच्या पाळीला हात लावतात, तसं काहीसं दिसत असेल, असा माझा बरीच वर्षं समज होता.

काकांनी माझ्या गुडघ्यावर थापटलं. मी वायर काढली.

"किती! वर्षं! झाली!" एकेक शब्द सुटा करून, ओठ भरपूर हलवून ते ओरडले.

"बारा," मी म्हणालो. प्लेअर घेऊन तेवढी झालीत.

"अरेरे."

"नाही, अजून छान चाललाय की."

"चालवून घ्यायचं. माझ्या मेव्हण्यालापण आहे. त्याचं कानामागचं, इवलंसं. तुमचं हे खिशातलं. जुनं मॉडेल, पण हेच टिकतं बघा."

इथेच मला समजायला हवं होतं. पण घरी या वस्तूला 'तुझं ते डबडं' म्हणतात. कुणी चार शब्द बरे बोललं की मी वाहवतो.

"टिकाऊ तर आहेच," मी म्हणालो, "शिवाय यात फोन येत नाही."

"फोनवरचं काहीच येत नाही?"

"काही म्हणजे काही नाही. तेच तर सुख आहे."

काकांनी समोरच्या माणसाकडे खिन्नपणे पाहिलं. "बॅटरी?"

"नवीन होता तेव्हा पंधरा तास जायचा. आता चार तास जेमतेम. रात्री काढून चार्जिंगला लावतो."

"आणि रात्री दाराची बेल वाजली तर?"

हा प्रश्न मला जरा विचित्र वाटला. "मुलगा उघडतो," मी म्हणालो.

"नशीबवान आहात. बाकी सगळं स्वच्छ ऐकू येतं?"

"येतं, पण क्रम त्याच्या मर्जीचा."

हे या प्लेअरचं खरं दुखणं आहे. गाण्यांच्या नावांपुढे तुम्ही 01, 02, 03 लिहा नाहीतर कुलदैवताचं नाव लिहा, तो फायली ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्याच क्रमाने वाजवतो. टपाल तिकिटाएवढ्या पडद्याला देवनागरी येत नाही, नुसते चौकोन दिसतात. चार जीबी म्हणजे पाच-पाच मिनिटांची आठशेवर गाणी, आणि सगळ्यांचं नाव चौकोन चौकोन चौकोन. एका बैठकीच्या ध्वनिमुद्रणाचे मी तीन तुकडे करून भरले होते. त्यात आधी द्रुत येतं, मग टाळ्या, आणि मग विलंबित सुरू होतं.

"म्हणजे पुढचं आधी ऐकू येतं आणि मागचं नंतर," मी काकांना समजावलं.

काका एकदम गंभीर झाले. "हे कानाचं नाही. हे मेंदूचं असू शकतं."

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. पण तोवर भांडुप आलं होतं, आणि नाहूरपर्यंत न केलेला खुलासा भांडुपला कोणत्या तोंडाने करणार?

खरं तर यावर उपाय 1979 सालीच निघाला होता. सोनीच्या पहिल्या वॉकमनला इयरफोनची दोन भोकं होती, एकट्यानेच ऐकणं उद्धटपणाचं दिसू नये म्हणून. वर एक केशरी बटण. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि आतला माइक शेजाऱ्याचं बोलणं कानात आणून सोडायचा. म्हणजे अर्धं कानाचं मशीनच. त्यानंतर एवढी प्रगती झाली की बटण गेलं, दुसरं भोक गेलं, आणि हल्ली फोनवाल्यांनी पहिलंही बुजवलंय. वायर दुरुस्त करून द्या म्हटलं तर दुकानदार माझ्याकडे कल्हईवाल्याचा पत्ता विचारल्यासारखा बघतो.

आणि या सगळ्या वेळात समोरचा एक तरुण फोनच्या स्पीकरवर रिळं बघत होता. तेच पंधरा सेकंदांचं खिदळणं, विक्रोळीपासून कुर्ल्यापर्यंत. त्याला कुणी विचारलं नाही किती वर्षं झाली म्हणून. मी आपला आवाज माझ्या कानात ठेवतो, दुसऱ्याच्या कानाला ओरखडा येऊ देत नाही, तर आजारी मी!

"बघू," म्हणत काकांनी माझी वायर स्वतःच्या कानात घातली. आत अभंग ऐन रंगात होता. त्यांचे डोळे विस्फारले.

"अहो, यात गाणी वाजताहेत!" अख्ख्या डब्याला ऐकू गेलं. "फसवलं तुम्हाला! माणसाचा आवाजच येत नाही यात!"

"काका, हा गाण्यांचाच प्लेअर आहे. मला व्यवस्थित ऐकू येतं."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मेव्हणापण सुरुवातीला असंच म्हणायचा."

माटुंगा गेल्यावर मी दाराशी सरकलो. एरवी दादरला मी उतरत नाही, उतरवला जातो. परवा मात्र मागून काकांचा आवाज आला, "जागा द्या त्यांना, ऐकू येत नाही!" आणि गर्दी चक्क दुभंगली. रिळंवाल्या पोराने माझं कोपर धरलं, "काका, सावकाश," म्हणाला आणि मला अलगद फलाटावर ठेवलं. काका! माझं वय त्रेचाळीस आहे.

खिडकीतून काका काहीतरी ओरडत होते. रविवारच्या मोफत तपासणी शिबिराबद्दल असावं. मी वायर कोनात धरली आणि ऐकू न आल्यासारखा पुलाकडे चालू लागलो.