चार आणि शून्य

आमची छत्तीस गुंठे जमीन गेली. कुणी बळकावली नाही, नदीनं खाल्ली नाही, धरणात बुडाली नाही. हस्तलिखित सातबारा संगणकावर चढवताना चार आणि शून्य यांनी जागा बदलल्या, एवढंच. 0.40 हेक्टरचं 0.04 झालं. शेतात चाळीस आर, म्हणजे साधारण तेवढेच गुंठे; कागदावर चार. काकांनी बांधावर उभं राहून हिशेब मांडला, "म्हणजे विहीर आपली, पण पाणी शेंदायला उभं राहायचं सरकारी हवेत."

मला वाटलं, भाऊसाहेब एक बटण दाबतील आणि शून्य जागेवर बसेल. तलाठ्याला आमच्याकडं भाऊसाहेबच म्हणतात. सरकारनं 2024 मध्ये पदाचं नाव 'ग्राम महसूल अधिकारी' केलं, पण ती दुरुस्ती गावापर्यंत अजून पोचलेली नाही.

भाऊसाहेब म्हणाले, "माझ्या हातात नाही. एकशे पंचावन्न टाका."

एकशे पंचावन्न हे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 मधलं कलम. सातबाऱ्यावरची लेखनातली चूक त्याखाली सुधारतात आणि आदेश तहसीलदारांचा लागतो. चूक करायला कुठलं कलम लागतं, ते कुणी सांगितलं नाही. अर्जासोबत जुना सातबारा, नवा सातबारा, आठ-अ म्हणजे खातेउतारा, आणि जमीन आजोबांच्या नावावर आली तो फेरफार, म्हणजे बदलाची नोंद. तो रेकॉर्ड रूममधून निघाला तेव्हा पापडासारखा झाला होता. त्याची नक्कल देणाऱ्या बाईंनी आम्हाला श्वास रोखून धरायला सांगितलं.

अर्ज लिहिताना काकांचा हात गट नंबरावर अडखळला. त्यांनी तिथंच तीनाचा आठ केला.

"खाडाखोड चालत नाही," लिपिक म्हणाले.

"खाडाखोड कुठं? दुरुस्त केलंय."

"दुरुस्तीची पद्धत असते."

तर पद्धत अशी: गिरवायचं नाही, व्हाइटनर लावायचा नाही. चुकलेल्यावर एकच आडवी रेघ, तीही अशी की चूक स्वच्छ वाचता यावी. वर बरोबर मजकूर, शेजारी सही. हे लिपिकांच्या मनचं नव्हे. नोंदणी कायदा, 1908 च्या कलम 20 नुसार खाडाखोडीपाशी लिहून देणाऱ्याची सही नसेल, तर दुय्यम निबंधक दस्त नोंदवायला नकार देऊ शकतात. बँका त्याहून सोवळ्यातल्या. तिथं रक्कम खोडलीत तर शेजारी सही करूनही भागत नाही, नवा चेक फाडा.

काकांनी रेघ मारली, आठ लिहिला, सही ठोकली.

"अर्जाखालची सही मराठीत आहे, ही इंग्रजीत."

मग इंग्रजी सहीवर आडवी रेघ, शेजारी मराठी सही. अर्जाच्या त्या कोपऱ्यात गट नंबर कमी आणि काकाच जास्त दिसायला लागले.

पुढं आदेश निघाला, फेरफार पडला, मंडळ अधिकाऱ्यांनी तो प्रमाणित केला. सातबाऱ्यावर चाळीस आर परत आले. 0.04 मात्र कुठं गेलं नाही. फेरफाराच्या नोंदवहीत ते तारीखवार आणि क्रमांकासह नांदतंय. आमच्या घराण्यात एवढी व्यवस्थित नोंद अजून कुठल्या माणसाची झालेली नाही.

काकांनी पेढे वाटले. दुसऱ्याच दिवशी आत्याचा फोन आला. जमीन चार गुंठे होती तोवर तिला वाटणीची आठवण झाली नव्हती. आता काका भाऊसाहेबांना विचारतायत, एकशे पंचावन्न उलटं टाकता येतं का.