गोव्यात आलात ना? मग लाजताय कशाला!

सुट्टीला गोव्यात उतरलात की एक गैरसमज आधी डोक्यातून काढून टाका: वेटर, रूमबॉय, जीवरक्षक या मंडळींना म्हणे आपापली ठरलेली कामं असतात. छे! तुम्ही पैसे मोजलेत म्हणजे माणूस मिळाला. काम काय, सुचेल तसं सांगता येतं.

जुलैत आला असाल तर पहिल्या जेवणालाच ताजी विसवण, म्हणजे आपली सुरमई, मागा. वेटर सांगेल, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. ऐकून घ्या, खिडकीतून समुद्राकडे बोट दाखवा आणि विचारा, "मग हा समोर काय नळाचा पाणी साठलाय का?" पोरगा सावंतवाडीकडचा असला तर गालातल्या गालात हसेल. तो हसला म्हणजे पटलं असं धरून चाला. सोबत एकादशी करणाऱ्या काकू असतील तर त्यांच्यासाठीही फिश थाळीच सांगा, मासा वगळून. हुमण गेलं, किसमूर गेलं, तळलेला बांगडा गेला. भात एकादशीला चालत नाही, तोही गेला. आता ताटात लोणचं उरतं. त्याचे पैसे कमी करून मागा आणि वर विचारा, "ताट वेगळं घासलेलं आहे ना?"

स्कूटर भाड्याने घेताना मात्र सावध राहा. भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि आकडे पिवळे. पोलिसाला ती लांबून दिसते आणि तुमचं हेल्मेट डिकीत आहे हेही दिसतं. तेव्हा मालकाला बाजूला घेऊन म्हणा, "पांढऱ्या पाटीची द्या की राव, घरची असेल ना एखादी?" खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, पकडलं तर भुर्दंड त्याला. तुम्ही तर काय, परवा हद्दीवरचा पात्रादेवीचा नाका ओलांडून घरी! तो नाही म्हणाला तर "गोव्यात आता पूर्वीसारखी माणसं राहिली नाहीत" एवढं ऐकवून काळ्या पाटीचीच घ्या.

गाडी स्वतःची असेल तर थेट किनाऱ्यावर घाला. तिथे गाडी नेण्यास मनाई आहे, हा फलक वाळूत रुतल्यावर निवांत वाचता येतो. शॅकमधली पोरं ढकलायला येतात. तुम्ही स्टेअरिंग सोडू नका, एकाला व्हिडिओ काढायला तेवढं ठेवा.

आता जीवरक्षक. मचाणावर बसून हा दिवसभर पाण्याकडे बघतो, म्हणजे रिकामाच की! त्याच्याकडे चपला, चष्मा, फोन आणि अर्धी खाल्लेली भेळ सोपवा. मग धाकट्याला सोपवा. "दोन मिनिटं बघा हं, आम्ही जरा पुढे जातो." पुढे म्हणजे लाल झेंड्याच्या पलीकडे. शिट्टी वाजली तर हात हलवून प्रतिसाद द्या. शिष्टाचार म्हणून काही असतं. त्या दोन मिनिटांत त्याची मान धाकट्याकडे असेल आणि कोणी गटांगळ्या खात असेल, तर तो प्रश्न त्याच्या ड्यूटीचा आहे, तुमच्या सुट्टीचा नव्हे.

हॉटेलच्या काउंटरवरची मुलगी हसते. हसणं तिच्या नोकरीचाच भाग आहे, असल्या बारकाव्यात शिरू नका. "सुटता किती वाजता?" असं विचाराच. तिचा चेहरा पडला आणि मागे मॅनेजर उभा दिसला तर सांगा, कदंबच्या बसबद्दल विचारत होतो.

रूमबॉयचे उपयोग तर विचारूच नका. बेळगावला ऑडिट आहे असं घरी सांगून आला असाल तर फोन त्याच्या हातात द्या: "साहेब मीटिंगमध्ये आहेत, असं म्हण." मागे डीजे ऐकू येतोय? तो बंद करायलाही त्यालाच पाठवा. परत आला की टिपेच्या नावाखाली त्याचं गाव विचारा, पगार विचारा, लग्न का झालं नाही ते विचारा. पोटभर आपुलकी झाली की वेगळी टीप लागत नाही.

शेवटी बिल. ते कंपनीच्या नावावर लावायचं असतं आणि कंपनी दारूचे पैसे देत नाही. तेव्हा बिअर खोडून तिथे फ्रेश लाइम सोडा लिहायला लावा. काउंटरवरचा कुरकुरेल, त्याला हिशेब द्यावा लागतो. अडून बसा. तिघांनी एका रात्रीत सतरा लाइम सोडे कसे रिचवले, असं अकाउंट्सवाल्याने विचारलंच तर सांगा, गोव्यात उकाडा फार.