‘स्पष्टवक्ता’ यांच्या कमेंटला उत्तर (लांबलंय, इलाज नाही)

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की आईवडील वेगळे होताना मुलाच्या ताब्याची केस चालते त्यात मुलाला ‘तुला कुणाकडे राहायचंय?’ असं थेट विचारू नये. त्यावर ‘स्पष्टवक्ता’ नावाने एक कमेंट आली. खालीच उत्तर टाकत होते पण ते वाढतच गेलं, म्हणून ही वेगळी पोस्ट. ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लेख निव्वळ भावनिक आहे, मुलांना सगळं कळतं त्यामुळे त्यांना विचारलंच पाहिजे, मूल एखाद्या पालकाकडे जायला ‘नको’ म्हणत असेल तर त्याचं ऐकायचंच नाही का, एका पालकाने मुलाचे कान भरले असतील त्याबद्दल मी गप्प का, निम्मा निम्मा वेळ वाटून दिला की प्रश्नच मिटतो, एक कलम चुकलंय, आणि सगळ्यात शेवटी, जसंच्या तसं: ‘अहो मॅडम, कोर्टाची पायरी तरी चढलात का कधी? घरात बसून ज्ञान पाजळायला काय जातंय!!!’

तीन उद्गारचिन्हं त्यांचीच.

आधी कलमाचं घेते. बरोबर आहे तुमचं. बालहक्कांच्या 1989 च्या आंतरराष्ट्रीय करारात मुलाला स्वतःचं मत मांडायचा हक्क देणारं कलम 12 आहे, मी घाईत 9 लिहिलं. 9 हे मुलाला आईवडिलांपासून वेगळं करण्याबद्दल आणि दोघांशी संपर्क टिकवण्याबद्दल आहे. दुरुस्त केलंय, आभारी आहे. चूक मान्य करायला मला काही जड जात नाही. पण हेच ‘ताई, 9 नाही 12’ एवढ्या चार शब्दांत सांगता आलं असतं की, त्यासाठी ‘बेसिक वाचनाचाही पत्ता नाही’ कशाला? सहा वर्षं लिहितेय, वाचकांनी कितीतरी चुका काढल्या, एक शिक्षक तर दर लेखाला ऱ्हस्व-दीर्घ तपासून पाठवतात, त्यांचा कधी राग आला नाही. आणि ते ‘मॅडम’. ऑफिसात, बँकेत लोक मला मॅडम म्हणतात, मला काही वाटत नाही, पण तुमच्या मॅडममध्ये जो ‘बाई, तुम्हाला काय कळतंय’ असा सूर आहे तो न कळायला मी काही काल लिहायला लागलेले नाही.

असो. पायरीचं बोलू.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी नऊ वर्षांची असताना चढले, त्यात शहाणपणाचा प्रश्नच नव्हता, हाताला धरून नेलं होतं. हे मी इथे कधी लिहिलं नव्हतं आणि लिहायचं ठरवलंही नव्हतं, पण तुम्ही विचारलंय तर ऐका. केस दोन वर्षं चालली. आम्ही दोघं, मी आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान भाऊ. तारीख असली की शाळेला दांडी, हे सुरुवातीला आवडायचं, खोटं कशाला बोलू. कॉरिडॉरमध्ये एक लांब बाक होता, त्याच्या एका टोकाला आई आणि दुसऱ्या टोकाला बाबा, आणि मधे आम्ही दोघं, आणि आम्ही कुणाच्या बाजूला किती सरकून बसतो याकडे दोघांचंही लक्ष असायचं. म्हणून मी फळीवरची एक भेग शोधून ठेवली होती, ती बरोब्बर मध्यावर होती. भावाला एका बाजूला बसवायचं, मी दुसऱ्या बाजूला, भेग मधे. नऊ वर्षांच्या पोरीने हे कुणी न सांगता केलं होतं, तुमच्या ‘मुलांना सगळं कळतं’च्या खात्यात हे पण धरा.

मग एक दिवस आम्हाला जज्जसाहेबांच्या चेंबरमध्ये बोलावलं. आधी भावाला. तो पाचेक मिनिटांत बाहेर आला आणि माझ्या कानात म्हणाला, ‘मी बाबा सांगितलं.’ मग मी आत. साहेब वाईट नव्हते हो, उलट फार हळू बोलले, माझा चेहरा दिसावा म्हणून टेबलावरच्या फायलींची चळत स्वतः उचलून बाजूला ठेवली. त्या फायलींवर एक काचेचा पेपरवेट होता तो घरंगळला आणि मी तो पकडला, तर म्हणाले ‘अरे वा, हुशार आहेस.’ आणि मग विचारलं. कुणाकडे राहायला आवडेल बाळा, घाबरू नकोस, इथलं बाहेर जाणार नाही.

मला राहायचं होतं भावाबरोबर. ते कुणी विचारलंच नव्हतं. तो ‘बाबा’ म्हणून गेलाय हे मला माहीत होतं, म्हणजे मीही ‘बाबा’ म्हटलं की आई त्या बाकाच्या टोकाला एकटी राहणार, हे डोळ्यांसमोर आलं. मी म्हणाले ‘आई.’ हिशोब केला होता सरळ. एक इकडे एक तिकडे. पेपरवेट अजून हातातच होता, तो घाम येऊन ओला झाला होता, मी फ्रॉकला पुसून परत ठेवला.

निकाल तसाच लागला. म्हणजे आमचं ऐकलं गेलं, अगदी तुम्हाला हवं तसं. त्यानंतर भाऊ मला शनिवारी भेटायचा, दर पंधरा दिवसांनी, आणि पहिली दहा मिनिटं आम्ही पाहुण्यांसारखं बोलायचो. अभ्यास कसा चाललाय वगैरे, धाकट्या भावाला मी विचारतेय अभ्यास कसा चाललाय. आणि गंमत (गंमतच म्हणायचं आता) अशी की भाऊ आज म्हणतो त्याने आत असं काही सांगितलंच नव्हतं. तो म्हणे नुसता पंख्याकडे बघत बसला होता, आणि बाहेर आल्यावर मी काहीतरी विचारणार म्हणून त्याने काहीतरी सांगून टाकलं. खरं काय ते त्यालाही आठवत नाही. त्या काहीतरीवर मी माझं उत्तर ठरवलं होतं.

तर हो, चढलेय पायरी. तुम्ही किती वर्षांचे असताना चढलात?

आता ‘सगळं कळतं’. कळतंच की! मला सगळं कळत होतं, घोळ तिथेच झाला. मूल त्या खुर्चीत बसून स्वतःला काय हवंय ते सांगत नाही, ते बाहेर बसलेल्या मोठ्या माणसांना सांभाळत असतं. काही मुलं तसं करणार नाहीत, मान्य, पण करतात ती बाहेरून ओळखू येत नाहीत, मी तर ‘हुशार’ ठरले होते. आणि मुलाचं ऐकूच नका असं मी लिहिलेलं नाही, लेख परत वाचा, शक्य असेल तर कमेंट टाईप करायच्या आधी. ऐकणं वेगळं आणि निवडायला लावणं वेगळं, अख्खा लेख तेवढ्यावरच आहे. तुम्ही ज्या कलम 12 वरून मला धारेवर धरलंत त्याच कलमावर संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीचं 2009 चं भाष्य आहे, त्यात स्वच्छ म्हटलंय की मत मांडणं ही मुलाची इच्छा आहे, बंधन नाही. आपल्याकडचा 1890 चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायदा, राणीच्या काळातला, तोसुद्धा म्हणतो की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं. घेऊ शकतं! त्यावरच निकाल द्या असं नाही. इंग्लंडच्या 1989 च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टमध्ये कोर्टाने बघायच्या सात गोष्टींची यादी आहे, मुलाची इच्छा आणि भावना त्यात पहिलीच, पण वय आणि समज लक्षात घेऊन, आणि पुढे आणखी सहा आहेतच. म्हणजे मोठ्यांनी आपलं काम करायचंय, मुलाच्या एका शब्दावर ढकलून मोकळं व्हायचं नाही. मुलाला विचारा ना, पण शाळेतून आल्यावर घरी कोण असतं, रात्री भीती वाटली तर कुणाला हाक मारतोस, काय बदललेलं तुला चालणार नाही, हे विचारा. आणि ते मुलांशी बोलायचं शिक्षण घेतलेल्या माणसाने विचारावं, दोनतीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी, भावंडं असतील तर ती एकमेकांना काय बोलतात तेही बघावं. मला हे कुणी विचारलं असतं तर भावाचं नाव पहिल्या मिनिटात आलं असतं.

बाकीचे मुद्दे. कान भरण्याबद्दल: तुम्ही जो ‘सिंड्रोम’ म्हणताय (पॅरेंटल एलिएनेशन, म्हणजे एका पालकाने मुलाला दुसऱ्याविरुद्ध फिरवणं) तो अमेरिकेतल्या रिचर्ड गार्डनर या मानसोपचार तज्ज्ञांनी 1985 मध्ये मांडला, अमेरिकन मानसोपचार तज्ज्ञांच्या 2013 च्या डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या यादीत तो आजार म्हणून नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये तो शब्द आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणाच्या सूचीतून काढला. कान भरले जातात का? जातात, दोन्हीकडून जातात, पण त्यासाठी सिंड्रोम कशाला हवा. निम्म्या-निम्म्याबद्दल: ऑस्ट्रेलियाने 2006 मध्ये पालकांची जबाबदारी समान असं गृहीतक कायद्यात घातलं, मग कोर्टाला समान वेळेचाही विचार करणं भाग पडायला लागलं, आणि 2023 च्या दुरुस्तीत ते गृहीतक काढून टाकलं. का काढलं ते तुम्ही शोधा, तुमचं वाचन दांडगं आहे.

‘नको’ म्हणणाऱ्या मुलाचं काय, हा प्रश्न राहिला. मारहाणीची भीती असेल तिथे भेट थांबवा किंवा तिसऱ्या माणसाच्या देखरेखीत ठेवा, हे लेखात होतं, एकच ओळ होती पण होती. त्यावर सविस्तर कधीतरी लिहीन, आज नाही, आज माझं डोकं तापलंय आणि हे सगळं टाईप करताना रात्रीचे दीड वाजलेत.

भावाला हे पोस्ट करायच्या आधी वाचायला पाठवलं होतं. त्याचा रिप्लाय आला, ‘भेग मध्यावर नव्हती, आईच्या बाजूला होती.’

तुमची कमेंट डिलीट केलेली नाही. उद्गारचिन्हांसकट आहे तिथेच आहे.