पाच हजारात फायबरची नाव? आधी हार्डनर कोणतं ते तरी पाहा

रविवारी सकाळीच मामीचा फोन. "तुझे मामा गच्चीवर काय करून राहिले ते येऊन पाय बरं एकदा, अख्ख्या घरात वास सुटला." गेलो. मामा रिटायर झाल्यापासून गावच्या तलावावर गळ टाकून बसतात आणि आता त्यांना स्वतःची नाव पाहिजे. मोबाईलमधे तोच मेसेज होता जो मला महिन्याभरात चार जणांनी पाठवला, 'घरच्या घरी ५ हजारात फायबरची मासेमारी नाव, २ दिवसात तयार, कधीच बुडत नाही'. मी हिंगण्याला कूलरच्या फायबर बॉड्या बनवण्यात बारा वर्षं घालवली, असले मेसेज हसून सोडून द्यायचो. पण मामांच्या समोर कोबाल्टची बाटली, बाजूला हार्डनरची, मधात पाण्याची रिकामी बाटली अन् मामा नरसाळं शोधत होते. हसू तिथंच गेलं.

म्हणून आधी तोच मुद्दा घेतो. मेसेजमधे लिहिलंय, 'कोबाल्ट आणि हार्डनर आधीच एका बाटलीत मिक्स करून ठेवा, लागेल तसं रेझिनमधे टाका, वेळ वाचतो'. अरे काय वेळ वाचतो बाप्पा? रेझिन म्हणजे काचेच्या कापडावर लावायचा चिकट द्रव, तो घट्ट झाला की फायबर बनते. त्याचे इथे दोन प्रकार, पॉलिएस्टर अन् एपॉक्सी. पॉलिएस्टर रेझिनचं हार्डनर म्हणजे एमईकेपी (मेथिल एथिल कीटोन पेरॉक्साइड), हे चटकन फुटणारं रसायन आहे, आणि कोबाल्टचं कामच त्याला फोडायचं. बादलीभर रेझिनमधे थोडं थोडं असते तेव्हा ते फुटणं रेझिन घट्ट करण्यात खर्ची पडते. मधात रेझिनच नसलं आणि हे दोघं नुसते समोरासमोर आले तर भडका उडतो, स्फोटही होतो. माझ्या मनाचं सांगत नाही, एमईकेपीचं सेफ्टी शीट उघडा, कोबाल्टसारख्या ॲक्सिलरेटरमधे (वेग वाढवणाऱ्या रसायनात) थेट मिसळू नका हा इशारा त्यात दिसेल. शेडमधे नवा पोट्टा आला की पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आधी कोबाल्ट रेझिनमधे टाकून नीट घोटायचं, मग हार्डनर, तेही शेकडा एक ते दोन. दोन्ही बाटल्या एका कपाटातसुद्धा ठेवू देत नाहीत. आणि एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, चष्मा लावा असं मेसेजमधे एका शब्दानं नाहीये.

मामा म्हणतात, "अबे पण दुकानदारानंच दिलं ना हार्डनर म्हणून." खरी गडबड इथंच आहे. एपॉक्सीच्या डब्यासोबत येते तेही हार्डनर अन् पॉलिएस्टरसोबत मिळते तेही हार्डनर. मेसेज लिहिणाऱ्यानं दोन्ही एकच समजून 'एपॉक्सी किंवा फायबर रेझिन काहीही घ्या, २ टक्के हार्डनर टाका, लवकर सुकवायचं तर जास्त टाका' असं ठोकून दिलं. एपॉक्सीचं हार्डनर सुकवायला टाकत नाहीत, ते रेझिनसोबत जोडलं जाऊन त्याच फायबरचा भाग होते, त्यामुळे कंपनीनं दिलेलं माप ते मापच. कुठे वजनानं १०० ला १० असते, कुठे १०० ला ५०. कमी टाकलं तरी चिकट, जास्त टाकलं तरी नरम, जास्तीनं लवकर होत नाहीच.

मामांनी आधी हेच केलं होतं. इतवारीतून एपॉक्सी आणलं, २ टक्के हार्डनर टाकून एका फळीवर कापडासकट लावलं. चार दिवस मे महिन्याचं ऊन खाऊनही मी बोट लावलं तर ठसा उमटला अन् बोट उचललं तर गुळाच्या पाकासारखी तार निघाली, त्यात दोन मुंगळे अन् कबुतराचं पीस अडकलेलं. मग मेसेजमधे 'काहीही घ्या' लिहिलंच होतं म्हणून परत जाऊन पॉलिएस्टर आणि कोबाल्ट आणलं. पुढचं वर सांगितलं.

उन्हाचं एक उलटंही आहे. दर १० अंश वाढले की एपॉक्सी घट्ट व्हायचा वेळ साधारण अर्धा होतो, म्हणजे २५ अंशाला अर्धा तास टिकणारं मिश्रण आपल्या ४५ मधे सात-आठ मिनिटात संपलं. मगभर कालवून फोन घ्यायला गेलात तर मगातून धूर निघतो, आमच्याकडे एकदा मग वितळून फरशीला चिकटला होता. पहाटे काम करा, थोडं थोडं कालवा, पसरट ट्रेमधे ओता.

'फायबर कधीच बुडत नाही.' हे वाचून तर डोकंच फिरलं. फायबर पाण्यापेक्षा जड असते, साधारण दीडपट. ६० किलोची नुसती फायबरची नाव पाण्यानं भरली तर तिला ४० किलोचा उचल मिळतो, उरलेले २० किलो खाली ओढतात, वरून मोटर, बॅटरी. नाव तरंगते ती आत हवा असेपर्यंत. म्हणून पुढे-मागे बंद कप्पे करून त्यात फोम भरतात, मेसेजमधे त्याचा पत्ता नाही. लाइफ जॅकेटचा तर नाहीच. २०१७ च्या जुलैमधे वेणा धरणात नाव उलटून आपल्याच नागपूरची पोरं गेली, इतक्या लवकर विसरलो का आपण?

बाकीचं भराभर. 'वास नाही म्हणजे हातमोजे नको' हे एपॉक्सीबद्दल लिहिलंय, पण वास कमी असला तरी कातडीला ॲलर्जी होते आणि एकदा झाली की सहसा जन्मभर राहते, हात थिनरनं धुतले तर आणखी आत जाते. 'कोणताही प्लाय चालतो' म्हणे, मग पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवर आयएस ७१० चा शिक्का काय शोभेसाठी मारतात? थर्माकोलच्या साच्यावर पॉलिएस्टर ओतलं तर साचाच विरघळतो, तिथे एपॉक्सी लागते. वरून रंग नाही दिला तर उन्हानं एपॉक्सी पिवळी पडून भुकटी सुटते. परवानगीचं म्हणाल तर तलावाचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीकडे असतो, तोतलाडोहला तर व्याघ्रप्रकल्पात मासेमारी बंदच आहे.

एक मात्र कबूल करावं लागेल, घरी नाव बनते. १९६३ च्या सुमारास इंग्लंडमधे मिरर नावाची छोटी शिडाची नाव आली, प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेनं शिवून सांध्यावर फायबरची पट्टी चिकटवायची, आणि अशा ७० हजारांवर झाल्या, कितीतरी लोकांनी घरीच बनवल्या. पण त्यांच्या हातात मापासकट किट होतं, हा मेसेज नव्हता. आणि ५ हजार? बारा फुटी साध्या नावेला प्लायच्या चार-पाच शीट अन् दहा-बारा किलो एपॉक्सी धरा, मग दुकानात भाव विचारून या.

कोबाल्टची बाटली मी उचलून शेडमधे आणून ठेवली, हार्डनर मामांकडेच राहू दिलं. मामा आता शीट उलटी करून ७१० चा शिक्का शोधत दुकानं फिरून राहिले. मामी म्हणते ती चिकट फळी पण घेऊन जा, कूलरवर ठेवली तर कूलरलाच चिकटली.