वीस वर्षांचा वाहतूक आराखडा कशासाठी? एका आक्षेपाला उत्तर

महानगर प्रदेशाच्या दीर्घकालीन वाहतूक आराखड्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा : वीस-पंचवीस वर्षांनी लोक कुठे राहतील, कुठे कामाला जातील आणि कशाने प्रवास करतील हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून असे आराखडे ही सल्लागारांची चैन आहे आणि तोच पैसा आज जिथे कोंडी होते तिथला रस्ता रुंद करण्यावर खर्च व्हावा.

आक्षेपाचा पूर्वार्ध मला मान्य आहे. किंबहुना परिस्थिती आपण म्हणता त्याहून वाईट आहे. मोठ्या प्रकल्पांचे डॅनिश अभ्यासक बेंट फ्लूबेर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली १४ देशांतील २१० वाहतूक प्रकल्पांचे अंदाज प्रत्यक्ष वाहतुकीशी ताडून पाहिले, तेव्हा दहापैकी नऊ रेल्वे प्रकल्पांत प्रवासीसंख्या फुगवून सांगितलेली आढळली आणि रस्त्यांच्या निम्म्या प्रकल्पांत अंदाज वीस टक्क्यांहून अधिक चुकलेला होता. (ज्याला निधी हवा असतो त्याचे आकडे सहसा एकाच दिशेने चुकतात, हेही नोंदवायला हवे.)

तरीही त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. आराखड्यातला प्रवासीसंख्येचा आकडा पुढच्या फेरआढाव्यात बदलता येतो, पण भावी मार्गासाठी लागणाऱ्या पट्ट्यावर एकदा वस्ती उभी राहिली की तो पट्टा परत मिळवण्यासाठी घरे पाडावी लागतात किंवा अनेक पटींनी महाग असा भुयारी मार्ग खणावा लागतो. कोपनहेगनचा १९४७ सालचा ‘पाच बोटांचा’ आराखडा पाहा. शहरापासून हाताच्या बोटांसारख्या पसरलेल्या उपनगरी रेल्वेच्या मार्गांलगत वस्ती वाढू द्यायची आणि दोन मार्गांमधले हरित पट्टे मोकळे ठेवायचे, एवढाच त्याचा गाभा होता. शहर आराखड्यात धरल्यापेक्षा पुष्कळ वाढले, त्यामुळे बोटे लांबवावी लागली. नैर्ऋत्येकडच्या क्योगे उपसागराच्या बाजूचा रेल्वेमार्ग १९७२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू होत १९८३ मध्ये क्योगेपर्यंत पोहोचला. अंदाज चुकला, पण वाढीची दिशा आणि मोकळ्या जागा ठरलेल्या असल्यामुळे तो चुकणे पचवता आले.

आपण सुचवलेल्या रुंदीकरणाचाही अंदाजच बांधावा लागतो, फक्त तो कोणी कागदावर मांडत नाही. रस्ता रुंद केला तरी वाहने तितकीच राहतील, हे त्यात गृहीत धरलेले असते. तसे होत नाही. गर्दीच्या भीतीने वेळ, मार्ग किंवा वाहन बदललेले लोक परत येतात आणि काही वर्षांत नव्या रस्त्याच्या आधाराने दूरवर घरे बांधली जातात. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी हे १९६२ मध्येच मांडले होते. पुढे ड्युरांटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांच्या २०११ च्या अभ्यासात अमेरिकी महानगरांतील आंतरराज्य महामार्गांची लांबी ज्या प्रमाणात वाढली, जवळजवळ त्याच प्रमाणात तिथे वाहनांनी कापलेले एकूण अंतरही वाढलेले दिसले. याउलट स्टॉकहोमने २००६ मध्ये शहराच्या मध्यभागी ये-जा करणाऱ्या वाहनांवर शुल्क लावून पाहिले, तेव्हा शुल्करेषा ओलांडणारी रहदारी सुमारे एक-पंचमांशाने घटली.

चैनीच्या आरोपाबद्दल. कोणत्याही विभागाकडे मागण्यांची यादी असते. आराखड्याला किंमत येते ती त्या यादीला निधीची मर्यादा घातल्यावर. अमेरिकेत १९६२ च्या कायद्याने पन्नास हजारांहून अधिक वस्तीच्या नागरी क्षेत्रांना प्रादेशिक वाहतूक नियोजन बंधनकारक केले आणि १९९१ च्या कायद्याने त्यात अशी अट घातली की, वाजवीपणे अपेक्षित असलेल्या निधीत बसतील तेवढेच प्रकल्प आराखड्यात धरावेत. तिथे आराखड्याचा पल्ला किमान वीस वर्षांचा असतो, पण दर चार किंवा पाच वर्षांनी तो नव्याने करावा लागतो. अशी अट नसलेल्या आराखड्यांविषयी आपण वापरलेला ‘चैन’ हा शब्द मलाही सौम्य वाटतो.

कोंडीच्या चौकाची दुरुस्ती वीस वर्षे थांबवावी, असे मी लेखात कुठेही म्हटलेले नाही. सिग्नलच्या वेळा सुधारणे किंवा बसला स्वतंत्र मार्गिका देणे यासाठी दीर्घ आराखड्याची वाट पाहण्याची गरज नसते. मात्र त्या चौकात येणारी निम्मी वाहने शेजारच्या नगरपालिकेच्या हद्दीतून येत असतील, तर चौक कितीही सुधारला तरी प्रश्नाचा उगम त्या हद्दीपलीकडे राहतो. त्यामुळे आराखडा रद्द करण्याच्या मागणीऐवजी मागच्या आराखड्यातले अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे शेजारी-शेजारी छापल्याशिवाय नवा आराखडा मंजूर करू नये, अशी मागणी आपण केलीत, तर तिला माझा पाठिंबा राहील.